हौसाबाईंना कोणी नाही

केसपेपरच्या खिडकीतून एक घडी घातलेला कागद आत आला. पुंडलिक देवकरने जुना केसपेपर समजून तो उघडला, तर ते रुग्णालयाचं मदतीचं पत्रक निघालं. घड्यांवर काळं पडलेलं आणि वरच्या कोपऱ्याला टाचणीचं भोक.

"हे तुमी लिवलं काय, साहेब?"

बाहेर रघू उभा होता. हौसाबाईंचा मुलगा. अंगात ठेकेदाराने दिलेला निळा शर्ट, म्हणजे नागोठण्याहून शिफ्ट संपवून तो तसाच आला होता.

पुंडलिकला बरं वाटलं. गणपतीपासून दिवाळीपर्यंत हा प्रश्न त्याला कितीतरी जणांनी विचारला होता आणि विचारणाऱ्याने पुढे कौतुकाचं काहीतरी म्हटलं होतं. "हो, मीच लिहिलंय," तो म्हणाला. "तुला कुठं मिळालं?"

"कंपनीत. कॅन्टीनच्या बोर्डावर लावलं व्हतं." रघूने जाळीतून हात घालून कागदावर बोट टेकवलं. "हितं लिवलंय, हौसाबाईंना जगात कोणी नाही."

"हं."

"मंग मी कोन?"

पुंडलिकच्या हातातलं पेन तसंच राहिलं. रघूच्या मागे रांगेत सात-आठ माणसं होती. त्यातल्या एकाने मान वाकडी करून आत बघितलं.

"चार दिस झाले," रघू म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "पोरं इचारतात, रघ्या, तुजी आय बेवारस हाय काय. मुकादम बोलला, आईला टाकलंस व्हय रं. काय सांगू त्यास्नी?"

"रघू, अरे, लोकांनी मदत करावी म्हणून तसं लिहावं लागतं."

"लागतं?"

एवढंच म्हणून रघूने पत्रक परत ओढून घेतलं, नीट घडी घातली आणि वरच्या खिशात ठेवलं. जाता जाता तो थांबला. "आईला बोलू नका. तिला वाचाया येत नाय. तिला काय म्हायती नाय यातलं."

मागचा माणूस पुढे सरकला आणि त्याने आपलं नाव सांगितलं. पुंडलिकने ते दोनदा विचारलं आणि तरी चुकीचं लिहिलं.

*

पेणला, रामवाडीच्या अलीकडे, हायवेपासून थोडं आत असलेलं ते रुग्णालय ट्रस्टचं होतं. वीस खाटा, एक ऑपरेशनची खोली आणि दुपारी बारापर्यंत चालणारी ओपीडी. सरकारचा पैसा नाही, मागे मोठा शेठ नाही. पेणहून मुंबईला, ठाण्याला जाऊन स्थिरावलेल्या माणसांना दरवर्षी गणपतीच्या आधी पत्रकं पाठवायची आणि येईल त्या देणग्यांवर औषधं, पट्ट्या, इंजेक्शनं चालवायची, असा तिथला रिवाज. डॉक्टर दत्तात्रेय गुप्ते यांनी हे सगळं उभं केलं होतं. ते सर्जन चांगले होते, पण त्यांचं मराठी प्रिस्क्रिप्शनसारखं होतं. म्हणून त्या वर्षी, म्हणजे चौऱ्याण्णव साली, त्यांनी पत्रक लिहायचं काम पुंडलिकवर सोपवलं.

पुंडलिक मूळचा वरश्याचा, रोह्याशेजारचा. घरी भाताची आणि वालाची थोडी शेती. शाळेत असताना निबंधात पहिला येणारा मुलगा पुढे केसपेपरच्या खिडकीत येऊन बसला आणि तिथेच त्याला एकोणीस वर्षं झाली. नाव, वय, गाव, तक्रार. दिवसाला शंभर वेळा हेच लिहायचं. तेव्हा डॉक्टरांनी "तुम्ही लिहा, तुम्हाला भाषा आहे," असं म्हटल्यावर तो हरखून गेला, यात नवल नाही.

कुणावर लिहायचं हे त्याने लगेच ठरवलं होतं. खाडीकाठच्या खारेपाटातल्या हौसाबाई. साठीच्या पुढच्या. लहानपणापासून मिठागरात खाऱ्या पाण्यात उभं राहून काम केलेल्या. उजव्या पायाला घोट्याजवळ जखम होती, ती वर्षभर भरत नव्हती. दर मंगळवारी त्या ड्रेसिंगला यायच्या. रात्रपाळी असली की सकाळी शिफ्ट सुटल्यावर रघू झोपायच्या आधी गावात जायचा, आईला सायकलच्या कॅरियरवर बसवायचा, पायाखाली फळीचा तुकडा बांधायचा आणि बांधावरच्या खडबडीत वाटेने, जिथे हादरे बसतील तिथे खाली उतरून हाताने ढकलत, तिला पेणला आणायचा. दिवसपाळी असली तर रजा टाकायचा. पुंडलिकने हे डोळ्यांनी पाहिलं होतं आणि पहिल्या खर्ड्यात तसंच्या तसं लिहिलंही होतं. हौसाबाईंना विचारलंही होतं. "लिव की," त्या हसून म्हणाल्या होत्या, "लिवल्यानं पाय बरा व्हनार आसंल तं रोज लिव."

डॉक्टरांनी खर्डा वाचला. "सुरेख आहे," ते म्हणाले. मग चष्मा काढून पुसत म्हणाले, "फक्त एक वाटतं. मिळवता मुलगा आहे म्हटल्यावर वाचणारा म्हणेल, मुलगा बघून घेईल. जरा बघा."

एवढंच ते बोलले. खोटं लिहा असं त्यांनी सांगितलं नव्हतं. खोलीवर येऊन रघूवर रेघ पुंडलिकने स्वतः मारली. रेघ मारल्यावर मजकुरात मोठी पोकळी पडली आणि ती भरायला त्याला फार वेळ लागला नाही. 'हौसाबाईंना जगात कोणी नाही. संध्याकाळी दिवा लावून त्या दाराशी बसतात आणि रस्त्याकडे बघत राहतात. येणारं कोणी नाही हे त्यांना माहीत आहे, तरी बघतात.' लिहिताना त्याच्या स्वतःच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आपण चांगलं लिहितो आहोत याची ती खूण आहे, असं त्याला वाटलं होतं.

पत्रकाने काम केलं. कधी नव्हे एवढी मदत आली. एका निवृत्त बाईंनी आपल्या बांगड्या मोडून पैसे पाठवले आणि सोबतच्या पत्रात लिहिलं की ते शेवटचं वाक्य वाचून जेवण गेलं नाही. ड्रेसिंगची खोली नवी झाली, पांढऱ्या फरश्या बसल्या, पट्ट्या वाफेवर निर्जंतुक करायचं मोठं यंत्र आलं. मिठागरातल्या बायामाणसांची ड्रेसिंगं वर्षभर फुकट करायचं ठरलं. ट्रस्टच्या सभेत पुंडलिकला शाल आणि नारळ मिळाला. ती शाल त्याने खुर्चीच्या पाठीवर टाकून ठेवली होती, येणाऱ्याजाणाऱ्याने विचारावं म्हणून.

रघू येऊन गेला त्या दिवशी संध्याकाळी पुंडलिकने ती घडी करून कपाटात टाकली.

*

पुढच्या मंगळवारी हौसाबाई आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही मंगळवारी नाहीत. ड्रेसिंग करणाऱ्या अनिता सिस्टर खिडकीशी येऊन म्हणाल्या, "देवकर, ती मिठागरवाली आजी कुठं गेली? जखम चांगली भरत होती हो तिची. आता मध्येच सोडली तर सगळं पाण्यात."

"बघतो," पुंडलिक म्हणाला.

बघायला जावं लागणार हे त्याला कळत होतं आणि जाऊ नये असंही वाटत होतं. तिसरा मंगळवारही गेला, तेव्हा येणाऱ्या रविवारी तो निघाला. टेम्पोने फाट्यापर्यंत, पुढे बांधावरून पायी. दोन्ही बाजूंना खाचरं, पलीकडे मिठागरांची चौकटी चौकटीची जमीन आणि खाडीचा वास. रुग्णालयाच्या खिडकीतून हे गाव त्याने हजार वेळा कागदावर लिहिलं होतं. तिथे पाय मात्र पहिल्यांदाच ठेवत होता.

घर विचारावं लागलं नाही. पहिल्याच अंगणात जाळं सोडवत बसलेल्या म्हाताऱ्या धोंडुबाईने त्याला निरखून पाहिलं आणि शेजारच्या घराकडे तोंड करून हाक दिली, "गो हौसा, तुजा दवाखान्याचा साहेब आयलाय."

हौसाबाई ओटीवर पाय लांब करून बसल्या होत्या. घोट्याला जुन्या लुगड्याचा धुवट तुकडा गुंडाळलेला. रघू घरातच होता. पुंडलिकला बघून तो उठला, आतून पाट आणून ठेवला आणि चौकटीला टेकून उभा राहिला.

"बस बाबा," हौसाबाई म्हणाल्या. "चाय पितोस?"

"नको, हौसाबाई. तुम्ही येत नाही, सिस्टर विचारत होत्या."

"येवाचंय." त्यांनी पायाकडे पाहिलं. "आगुदर मना एक सांग. तू माज्यावर कायतरी लिवलंस म्हनं. कागूद छापलाय. समदा गाव बोलतो. मना कोनी वाचून नाय दावला. रघ्याला बोलली तं तो बोलतो हरवला. तुज्याकडं हाय काय?"

पुंडलिकने रघूकडे पाहिलं. रघू जमिनीकडे बघत होता.

पुंडलिकचं स्वतःचं पत्रक पिशवीत होतं. का आणलं होतं कुणास ठाऊक. नाही म्हणता आलं असतं, पण त्या इतक्या सरळ बघत होत्या की त्याला तेही सुचलं नाही. त्याने कागद काढला, उलगडला आणि वाचायला लागला. सुरुवातीचं मिठागराचं, खाऱ्या पाण्याचं, जखमेचं त्याने होतं तसंच वाचलं. मग ते वाक्य आलं आणि त्याची नजर कागदावर राहिली, पण तोंडातून दुसरंच येऊ लागलं.

"हौसाबाईंना रघू नावाचा मुलगा आहे. नागोठण्याला रात्रपाळी करून तो सकाळी आईला सायकलवर बसवतो. वाट खराब लागली की खाली उतरतो आणि तिला हादरा बसू नये म्हणून हाताने सायकल ढकलत आणतो."

रेघ मारलेला पहिला खर्डा त्याला शब्दन् शब्द पाठ होता. वाचता वाचता त्याला हलकंसुद्धा वाटलं. चौकटीपाशी रघूने मान वर केल्याचं त्याला जाणवलं.

तो थांबला. मग हौसाबाईंनी लुगड्याच्या घडीतून एक कागद काढला. तेच पत्रक. चार घड्यांचं, टाचणीच्या भोकाचं.

"रघ्याच्या शर्टात गावला धुताना," त्या म्हणाल्या. "धोंडुबाईची नात हाय, भूमिका. पाचवीत जाते. तिनं वाचून दाखवला. एकदा नाय, तीनदा वाचाया लावला मी तिला. ती तं आसं काय नाय वाचली."

समोर अंगणात कोंबड्या दाणे टिपत होत्या. पुंडलिक त्यांच्याकडे बघत राहिला, कारण दुसरीकडे कुठे बघण्यासारखं नव्हतं.

"मना बघाचं व्हतं," हौसाबाई म्हणाल्या, "माज्या तोंडावर तू काय वाचतोस."

"आई, जाऊं दे," रघू म्हणाला.

"तू गप रे." मग पुंडलिकला, "आता हाय तसं वाच."

"हौसाबाई..."

"लिवताना लाजला नाय, मंग वाच."

त्याने वाचलं. हौसाबाईंना जगात कोणी नाही. हे वाक्य त्याने प्रेसमध्ये प्रुफात वाचलं होतं, सभेत माईकवर वाचलं होतं, पण आज ते उच्चारताना त्याने मान वर केली नाही. ज्याला त्याने पुसून टाकलं होतं तो माणूस चार हातांच्या अंतरावर उभा राहून ऐकत होता. संध्याकाळी दिवा लावून त्या दाराशी बसतात. रस्त्याकडे बघत राहतात. येणारं कोणी नाही हे त्यांना माहीत आहे, तरी बघतात.

"आसं नाय मी," हौसाबाई म्हणाल्या. रागाने नव्हे, चूक दाखवावी तसं. "सांजच्याला मी मासली साफ करते. मंग रघ्याचा डबा. रघ्या नसला तं धोंडुबाई बसते, आमी दोगी टकळी चालवतो. दाराशी बसाया मना टाईम कुठं हाय? मंग ही बाय कोन रे, जी दाराशी बसते?"

ते वाक्य कुठून आलं हे पुंडलिकने स्वतःला आजवर विचारलं नव्हतं. आता विचारलं आणि उत्तर अगदी जवळ होतं. वरश्याचं घर, पुढच्या पडवीतला बाक, कंदिलाची काच पुसून झाल्यावर तिथे येऊन बसणारी बाई. शेवटचा तो गौरीला गेला होता. त्याआधी शिमग्याला.

"माझी आई," तो म्हणाला.

"कुठं आसते?" हौसाबाईंनी विचारलं.

"वरश्याला. रोह्याजवळ."

"एकटी?"

"हो."

हौसाबाईंनी पत्रकाची घडी घातली आणि त्याच्या हातात दिली. "आज रविवार हाय," त्या म्हणाल्या. "मंग हितं काय करतोस?"

त्याने उठून चपला घातल्या. मागून त्यांचा आवाज आला, "सिस्टरला सांग, मंगळवारी येते. पाय माजा हाय, कागूद तुजा हाय. कागदावर रागवून पाय कशाला सडवू?"

रघू बांधापर्यंत त्याच्यासोबत आला. पुंडलिकने दोन-तीनदा बोलायचा प्रयत्न केला. शेवटी म्हणाला, "माझं चुकलं, रघू." रघूने मान हलवली. त्या हलवण्यात माफी होती की नुसतं ऐकलं एवढंच होतं, हे पुंडलिकला कळलं नाही. "भरती लागंल," रघू म्हणाला, "डाव्या बांधानं जावा," आणि वळला.

पेणच्या स्टँडवर रोह्याची गाडी लागलेली होती. वरश्याला पोचायला दुपार उलटली. आई पडवीत वाल निवडत होती. त्याला बघून तिच्या हातातलं सूप कलंडलं.

"काय रे, बरा हायेस ना?" ती म्हणाली. "नोकरी गेली काय?"

मुलगा उगीचच भेटायला येऊ शकतो, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

*

पुढच्या वर्षी गणपतीच्या आधी गुप्ते डॉक्टरांनी त्याला बोलावलं. "देवकर, पत्रकाचं बघा. यंदाही तसंच काहीतरी होऊन जाऊ दे."

"मला जमणार नाही, डॉक्टर."

डॉक्टरांनी कारण विचारलं. पुंडलिकने सगळं सांगितलं. "मुलाचं मीच सुचवलं होतं," ते म्हणाले. मग हळू आवाजात, "पण देवकर, त्या पैशांतून किती पाय वाचले, ते तुम्ही लिहून घेता ना रोज?"

तरी पुंडलिकने लिहिलं नाही. डॉक्टरांनी स्वतः लिहिलं. किती खाटा, किती रुग्ण, किती शस्त्रक्रिया. एकही अक्षर खोटं नव्हतं आणि ते वाचून कुणाचं जेवण अडलं नाही. फार थोड्या मनिऑर्डरी आल्या. मार्चमध्ये, मिठाचा हंगाम ऐन भरात आणि ओपीडीत फुटलेल्या पायांची रांग लागलेली असताना, पट्ट्या संपल्या. खिडकीवर पाटी लावावी लागली, की ड्रेसिंगचं सामान रुग्णाने बाहेरून आणावं. पाटी पुंडलिकच्याच अक्षरात होती. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना तो तोंडाने सांगायचा. सांगताना समोरच्या पायाकडे बघायचं नाही, एवढं तो शिकला होता.

अशाच एका मंगळवारी हौसाबाई आल्या. जखम पावसाळ्यात पूर्ण भरली होती, मिठात उतरल्यावर पुन्हा उघडली होती. रघूने दुकानातून गॉजचा मोठा तागा आणला होता. तागा आईच्या मांडीवर ठेवून तो पाणी आणायला गेला.

"या सालाला कोनाचं लिवलंस?" हौसाबाईंनी बाकावरून विचारलं.

"कोणाचंच नाही."

"का?"

पुंडलिकने पुढचा केसपेपर ओढला.

"मंग पट्ट्या कशा येतील?" त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता, त्यांना खरंच कळत नव्हतं. "लिवाचं व्हतं की. हाय तसं लिवाचं."

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक तिशीतली बाई बसली होती. लांबच्या गावची, पहिल्यांदाच आलेली, पायाला चिखल सुकलेलं फडकं. तिच्या हातात नुसता केसपेपर होता. अनिता सिस्टरांनी दारातून डोकावून तिला विचारलं, "सामान आणलंय?" ती गोंधळून इकडेतिकडे बघायला लागली. सिस्टरांनी पाटीकडे बोट दाखवलं. बाईने पाटीकडे बघितलं आणि मान खाली घातली.

हौसाबाई उठल्या. लंगडत खिडकीशी आल्या आणि जाळीतून हात पुढे केला.

"कातर हाय काय रे?"

पुंडलिकने ड्रॉवरमधून कात्री काढून दिली. त्यांनी गॉजचा तागा बाकावर उलगडला, कोपरापासून बोटांपर्यंत हात लावून एकदा मापला, पुन्हा मापला, कमीजास्त होऊ नये म्हणून मधोमध दुमडला आणि कापला. अर्धा तुकडा त्यांनी त्या बाईच्या मांडीवर ठेवला. ती काही बोलणार तोच म्हणाल्या, "पाय वर घे गो, खाली सोडू नको, ठणकंल."

मग कात्री खिडकीत परत केली आणि आपल्या जागी जाऊन बसल्या.